ज्येष्ठांना व्याख्याने पुरे, वर्ग हवेत

मा. संपादक,

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचे कार्यक्रम गावोगावी होतात. डॉक्टरांचे व्याख्यान, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, सत्कार, अल्पोपाहार. मधुमेहावरचे तेच व्याख्यान बहुतेक श्रोत्यांनी आधी ऐकलेले असते. घरी परतताना माहिती सोबत येते, पण हातापायांना नवे काही शिकायला मिळत नाही. निरोगी म्हातारपणाचे शिक्षण असे वर्षाकाठी एकदा ऐकण्यापुरते उरले आहे, आणि त्यात बदल व्हायला हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

साध्या काठीचे पाहा. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात धरायची असते. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचा, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटापाशी यायला हवी. सकाळी कोणत्याही बागेत जाऊन बघा, कितीतरी जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरून एका अंगावर कलंडत चाललेले दिसतील. त्यांना कोणी शिकवलेलेच नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण पैशांबरोबर शिकवणी मिळाली तरच तिचा उपयोग. श्रवणयंत्राची तीच गत. सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा, रस्त्यावरचा आवाज अंगावर येतो. सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे ठाऊक नसल्यामुळे यंत्र कपाटात जाते आणि माणूस घरातल्या बोलण्यातून बाहेर पडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत ऐकू कमी येणे हे एक आहे.

‘आता या वयात कसला व्यायाम?’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येते. बोस्टनच्या एका शुश्रूषा केंद्रातल्या नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला होता. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली होती. रोजचे चालणे उत्तमच, पण मांड्यांची ताकद आणि तोल टिकवायला तेवढे पुरत नाही. पलंग, डायनिंग टेबल आणि कमोड आल्यापासून आपले जमिनीवर उठणे-बसणे संपले. मग मोरीत पाय घसरला की हाड शाबूत असूनही उठता येत नाही, मदत येईपर्यंत तसेच पडून राहावे लागते. कुशीवर वळा, हाताचा आधार घेत गुडघ्यांवर या, जवळची खुर्ची धरा, एक पाऊल पुढे रोवा आणि उठा. हे चार वेळा वाचून येत नाही. वर्गात, सतरंजीवर, जाणकाराच्या देखत, पुन्हा पुन्हा करूनच येते. हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते, हेही तिथेच मोजावे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार ७० ते ७४ वयाच्या बाईला १० आणि पुरुषाला १२ वेळा जमले नाही, तर पडण्याचा धोका मानतात.

म्हातारी माणसे वर्गाला येणार नाहीत, ही शंका मला मान्य नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. वेळ ठरलेली असली, शिकवणारा आपला असला आणि बरोबरीच्या चारजणी सोबत असल्या, की ज्येष्ठ येतात.

जागा आणि माणसे शोधावी लागणार नाहीत. शहरांत विरंगुळा केंद्रे आहेत, गावांत शाळेच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना अंतर्वासिता करावीच लागते, त्यांतले काही दिवस या वर्गांना द्यावेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात वृद्धांची काळजी आहेच. आणि साठीची वाट कशाला पाहायची? स्नायू त्याच्या कितीतरी आधीपासून झिजू लागतात. निवृत्ती जवळ आली की कार्यालये पेन्शनचे कागद नीट समजावून सांगतात, तसाच शरीराचा हा अभ्यासक्रमही पन्नाशीतच सुरू करावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक जाहीर केले, त्यातले निम्मे संपले. माझी सर्व ज्येष्ठ नागरिक संघांना कळकळीची विनंती आहे: पुढच्या महिन्याचे एक व्याख्यान रद्द करा, सतरंज्या आणि हात नसलेल्या भक्कम खुर्च्या मांडा, जवळच्या फिजिओथेरपिस्टला बोलवा आणि दर आठवड्याचा वार ठरवून टाका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा