परग्रहाला झालेला केवडा

‘इंडिपेन्डन्स डे’ आठवतोय? १९९६चा, रोलंड एमरिकचा. परग्रहवासीयांची शहराएवढी यानं येतात, व्हाइट हाउसचा भुगा करतात, अणुबॉम्बलाही भीक घालत नाहीत. मग केबल कंपनीत नोकरी करणारा जेफ गोल्डब्लम अ‍ॅपलचा पॉवरबुक उघडतो, त्यांच्या मुख्य यानात व्हायरस सोडतो आणि सगळी संरक्षक कवचं गुपचूप गळून पडतात. वर त्यांच्याच पडद्यावर हसणारी कवटी झळकते. म्हणजे चित्राचा फॉरमॅटसुद्धा जुळला!

“अरे, सिनेमा आहे, सोड ना,” असं मला दर वेळी ऐकवलं जातं. नाही सोडणार. तारे ओलांडून येणारी यानं मी निमूट गिळली, कारण त्यातलं मला काही कळत नाही. पण फाइल उघडत नाही म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं.

मागे एका दिवाळी अंकाला लेख पाठवला. युनिकोड अजून घरोघरी पोचायचं होतं. संपादकांचा फोन आला, “अहो, हे काय पाठवलंत?” त्यांच्या पडद्यावर मराठीच्या जागी डॉलर, चौकोन आणि डोक्यावर टिंबं घेतलेली परकी अक्षरं. माझा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नव्हता, एवढंच. दोन्हीकडे विंडोज, दोन्हीकडे मराठी माणूस, मधलं अंतर सायकलवर दहा मिनिटांचं. डीटीपीवाल्याची अख्खी दुपार गेली आणि तरी छापताना सगळे रफार उडाले ते उडालेच. आणि हा पॉवरबुकवाला गडी पहिल्या झटक्यात परग्रहाची सिस्टीम पाडणार!

सिनेमा आला त्या साली मॅकचा प्रोग्रॅम शेजारच्या टेबलावरच्या विंडोज मशीनवर चालत नव्हता. प्रोसेसर वेगळा, मोठा आकडा साठवताना बाइट लावायचा क्रमही उलटा. शून्य आणि एक तरी सगळीकडे सारखेच असतील म्हणावं, तर मॉस्को विद्यापीठात १९५८ साली ‘सेतुन’ नावाचा संगणक उभा राहिला, तो उणे एक, शून्य आणि एक अशा तीन अवस्थांवर चालायचा. हे आपल्याच पृथ्वीवर.

सिनेमाच्या भक्तांकडे उत्तर तयार असतं. अमेरिकेत रॉसवेलला पडलेल्या परग्रही यानावरूनच तर आपले संगणक निघाले, मग जुळणारच! रॉसवेलची भानगड जुलै १९४७ची. एनिअ‍ॅक हा संगणक लोकांसमोर आला फेब्रुवारी १९४६मध्ये आणि संगणकाचं तत्त्व मांडणारा ट्युरिंगचा निबंध १९३६चा. यान पडायच्या आधीच त्याची कॉपी मारणारे आपण फारच हुशार म्हणायचे. दुसरा बचाव असा, की परग्रहवासी आपले उपग्रह वापरत होते. वापरत होते, मान्य. म्हणजे त्यांनी आपला अभ्यास केला होता. त्यांचा अभ्यास आपण कधी केला?

हॅकिंग ही जादू नव्हे, घरभेदीपणा आहे. किल्ला पडतो तो चोरवाट सांगणारा फितूर भेटला की. २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा संगणकी किडा बघा. इराणच्या नतांझमधली सेंट्रिफ्यूज त्याने बिघडवली. त्यासाठी विंडोजमधल्या चार अज्ञात फटी हाताशी होत्या, सीमेन्सचे कंट्रोलर बाजारात मिळत होते आणि तिथल्या मोटारी किती वेगाने फिरतात हेही लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. इतकी ओळख, तीही माणसाने माणसाच्या यंत्राशी केलेली. २०१६च्या ‘अरायव्हल’मध्ये भाषातज्ज्ञ बाई परग्रहवासीयांसमोर पाटी धरून एकेका शब्दापासून सुरुवात करते, तेव्हा मी थिएटरात टाळी वाजवली. आजूबाजूचे जांभया देत होते. पात्राने अभ्यास केला की आपल्या प्रेक्षकाला झोप येते आणि कीबोर्ड बडवला की तो शिट्टी मारतो.

आता मूळ उसनवारीकडे वळू. एच. जी. वेल्सने १८९८च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासी मारले ते जिवाणूंकडून. एमरिकने जिवाणूच्या जागी संगणकाचा व्हायरस बसवला आणि तिथेच घसरला. बहुतेक जिवाणूंना ओल आणि खाणं मिळालं की ते आपले आपण वाढतात, त्यांना यजमान लागतोच असं नाही. विषाणूचं तसं नाही. त्याला यजमानाच्या पेशीतली यंत्रणा नेमकी ओळखीची लागते, नाहीतर तो नुसता पडून राहतो. वेल्स जीवशास्त्र शिकलेला होता. त्याने विचार करून निवड केली होती.

भेंडीवर केवडा पडतो, तो विषाणूच. पांढरी माशी तो झाडोझाड पोचवते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेतकऱ्याचं पीक जातं. ती पिवळट भेंडी आपण बाजारातून आणतो, परततो, खातो. काही होत नाही. भेंडी आणि आपण एकाच मातीतले, दोघांच्याही पेशीत डीएनएच, तरीही नाही. त्या पॉवरबुकवर ज्यांचा अजून विश्वास आहे, त्यांनी केवडा पडलेली पावशेर भेंडी खावी आणि काखेत थर्मामीटर लावून बसावं.