बिनकागदी मजुराचा जमाखर्च

नांदेडच्या मोंढ्यात जा किंवा लातूरच्या गंजगोलाईत घटकाभर उभे राहा, एक बोलणे हमखास कानी पडते: "परदेशातून चोरवाटेने लोक आले, त्यांनी आमच्या पोरांचा रोजगार खाल्ला; त्यांना हाकलून लावले की सारे सुरळीत होईल." हे बोलणे ऐकून रागावणे सोपे आहे, आणि मान डोलावणे त्याहून सोपे आहे. परंतु खळ्यावरची रास मापल्यावाचून शेतकरी तिची किंमत बोलत नाही. तोच नियम आम्ही या प्रश्नाला लावणार आहोत. जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस, आणि शिल्लक कोणाच्या कनवटीला जाते ते पाहावयाचे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. देशाला सरहद्द असते आणि तिची राखण करणे हा सरकारचा अधिकार आहे व कर्तव्यही आहे. त्यासाठी १९४६ चा परदेशी लोकांविषयीचा कायदा होता. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. यात आमचा वाद नाही. आमचा प्रश्न पोटाचा आहे. ज्याच्या हाती कागद नाही असा मजूर आला, तर नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा?

जमेची बाजू आधी घेऊ. हंगामाला हात मिळतात, पडून राहणारे काम उठते, इमारत उभी राहते, माल थोडा स्वस्त पडतो. येणारा मजूर नुसते हात घेऊन येत नाही, पोटही घेऊन येतो. तो डाळ विकत घेतो, चपला विकत घेतो, केस कापवतो, खोलीचे भाडे भरतो. म्हणजे एका हाताने तो काम घेतो आणि दुसऱ्या हाताने काम निर्माण करतो. कागद नसला तरी साबणाच्या वडीवरचा कर त्याला चुकत नाही. २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर दुकानदार त्याचे नागरिकत्व विचारून घेत नाही.

आता खर्चाची बाजू. त्याच प्रकारचे काम करणारा जो अगदी खालच्या पायरीवरचा माणूस, त्याच्या मजुरीवर दाब येतो. जेथे वस्ती वाढते तेथे नळावर, दवाखान्यात, शाळेत गर्दी वाढते, आणि ती गर्दी बंगल्यांच्या गल्लीत होत नाही, आपल्याच आळीत होते. हे नाकारण्यात शहाणपण नाही. जो सुखवस्तू माणूस म्हणतो की बाहेरच्या मजुराने कोणाचेच काही बिघडत नाही, त्याच्या रोजगाराशी स्पर्धा करावयास अद्याप कोणी आलेला नसतो.

परंतु या वहीत एक तिसरा रकाना आहे आणि तो नेहमी झाकून ठेवला जातो. तो उघडून पाहू. समजा, एका वीटभट्टीवर दिवसाची रास्त मजुरी ५०० रुपये आहे. बिनकागदी मजूर ३०० वर राबतो, कारण तो तक्रार करू शकत नाही. तक्रार केली की पहिला तोच पकडला जाणार. हे वरचे २०० रुपये कोठे गेले? मजुराला मिळाले नाहीत. वीट विकत घेणाऱ्याला त्यातले थोडे मिळाले असतील. बाकी मालकाच्या आणि दलालाच्या खिशात गेले. उद्या गावचा वडार किंवा मातंग भाऊ काम मागावयास गेला, तर मालक त्याला म्हणतो, "३००वर येतोस तर ये, नाहीतर चालू लाग." त्या भावाला वाटते, बाहेरच्याने माझे २०० रुपये नेले. बाबा रे, ज्याच्यापाशी कधी २०० आलेच नाहीत, तो तुझे कोठून नेणार? तुम्हा दोघांचे मिळून ४०० रुपये एकाच गल्ल्यात पडले आहेत.

तेव्हा मजुरी स्वस्त होते ती माणूस परका असल्यामुळे नव्हे, माणूस भित्रा केल्यामुळे. कागद नसणे ही त्याच्या मानेवरची सुरी, आणि सुरीची मूठ मालकाच्या हाती.

हे आमचेच म्हणणे नव्हे. जगाचा अनुभव पाहा. अमेरिकेने १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोचे कंत्राटी शेतमजूर आणविले. पुढे ते बंद केले, कारण स्थानिक मजुराची मजुरी वाढेल अशी आशा होती. मागाहून अर्थशास्त्र्यांनी आकडे तपासले, तेव्हा ती आशा फळली नाही असे दिसले. बागाईतदारांनी टोमॅटो तोडण्यास यंत्रे आणली, जेथे यंत्र नव्हते तेथे पीकच बदलले. पुढे १९८० साली क्युबाचे सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेत उतरले, आणि त्यांतले पुष्कळ मायामी शहरातच राहिले. एका पंडिताने हिशेब करून सांगितले की तेथील मजुरी घसरली नाही. दुसऱ्याने पुढे सांगितले की अगदी कमी शिकलेल्यांची घसरली. त्यांचा वाद चालो. आपण इतके घ्यावे की भार पडलाच तर तळाच्या पायरीवर पडतो, वरच्या मजल्यावर नाही. मग १९८६ साली त्याच देशाने सुमारे २७ लाख बिनकागदी माणसांना कागद दिले. ज्यांना कागद मिळाले त्यांची मजुरी वाढली असे पाहणाऱ्यांना आढळले. त्याच कायद्याने बिनकागदी मजूर ठेवणे हा मालकाचा गुन्हा ठरविला. तेव्हा पुष्कळ बागाईतदारांनी स्वतःचे हात झटकून मध्ये ठेकेदार उभा केला. हा ठेकेदार कोण, हे नांदेड-लातूरच्या माणसाला समजावून सांगावयास नको. आपण त्याला मुकादम म्हणतो.

येथेच आमच्या वाचकांनी स्वतःच्या घराकडे पाहावे. दसरा-दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतून टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडात, कोणी कर्नाटकात, कोणी तेलंगणातल्या वीटभट्टीवर. नवरा-बायको दोघे मिळून एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे बाईला स्वतःचे नावही नाही आणि स्वतःची मजुरीही नाही. उचल आधी घेतलेली, हिशेब मुकादमाच्या वहीत. म्हातारी माणसे घरी राखणीला, लेकरू शाळेतून उठून पाचटात. हा माणूस चोरवाटेने सरहद्द ओलांडून गेलेला नाही. आपल्याच देशात आहे, मतदार आहे. तरी फडात त्याची दशा बिनकागदी परदेश्याहून किती वेगळी असते?

कायदा नाही असे नव्हे. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. दुसऱ्या राज्यातून पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेली पासबुक द्यावी, त्याच कामाला तेथील मजुराइतकी मजुरी द्यावी, प्रवासखर्च व विस्थापन भत्ता द्यावा, राहण्याची व औषधपाण्याची सोय करावी, असे त्यात लिहिले होते. वाचकहो, इतक्या वर्षांत तुमच्या गावात अशी पासबुक किती जणांनी हातात धरली? २०२० साली संसदेने तो कायदा मोठ्या संहितेत गुंफला. त्यात पाचाचे दहा झाले आणि विस्थापन भत्ता गळाला. परवान्यावाचून माणसे नेणारा जो, बेकायदा तो. पण 'बेकायदा' हा शब्द आपल्याकडे माणसाला लावतात, धंद्याला लावीत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे की किमान मजुरीहून कमी देऊन काम घेणे म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने बंद केलेली वेठ होय. निजामाच्या राज्यात वेठ कशी असते हे आमच्या वाडवडिलांनी पाठीवर सोसले आहे. तिचे नाव बदलून 'उचल' झाले म्हणून ती काही पुण्यकर्म होत नाही. वेठबिगार नष्ट करण्याचा कायदा तर १९७६ चाच आहे.

आता 'आपला' आणि 'परका' या शब्दांविषयी. मराठवाड्याला हे शब्द नवे नाहीत. १९१९ साली निजामाने फर्मान काढले: सरकारी नोकरी मुलकी माणसाला, आणि बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षे राहिल्यावाचून मुलकी म्हणावयाचे नाही. ऐकावयास गोड. परंतु शाळा-कचेरीची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकविणारे. कुणब्याचा, कोष्ट्याचा, महाराचा पोर जन्माने मुलकीच होता. त्याला त्या फर्मानाने कोणती खुर्ची मिळाली? मुलकीपणाचा लाभ दाराजवळ उभ्या असलेल्यांना झाला. अंगणाबाहेरचा अंगणाबाहेरच राहिला. १९५२ च्या सप्टेंबरात याच प्रश्नावर हैदराबादेत दंगल होऊन पोलिसांच्या गोळीने माणसे मेली, आणि १९७३ साली संसदेने मुलकीचे नियम रद्द केले. परक्याला अडविल्याने आपल्याला आपोआप मिळत नाही, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

दुसरा धडा १९४७-४८ चा. रझाकारांच्या जुलमाने या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे गुरे-ढोरे सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात व सोलापूरकडे गेली. तेथे ती परकीच होती, आणि तेथील लोकांनी त्यांना भाकर दिली. मग १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, आणि नंतरच्या दिवसांत नांदेड, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान रयतेची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल समितीने ते लिहून ठेवले आहे. परका कोण हे जमाव ठरवू लागला की हिशेब होत नाही, रक्तपात होतो. सत्याचा शोध घेणाराने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या.

आणि रेघा तरी कोठे अढळ असतात? १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचे तालुके उस्मानाबादेत आले आणि मुधोळ-भैंसा नांदेडातून गेले. माणूस आपल्या चुलीपुढेच बसला होता. त्याच्या भोवतीची रेघ हलली. उदगीरच्या लेकीचे सासर बीदरकडे असेल, तर ते परराज्य झाले.

कागदाची झडती सुरू झाली की ती प्रथम कोणाच्या झोपडीत शिरते, हेही पाहा. पिढ्यान्‌पिढ्या वतनाचे कागद जपणाऱ्याला चिंता नाही. परंतु वडार, बेलदार, घिसाडी, पारधी यांनी जन्माचा दाखला कोठून आणावा? त्यांच्यांतील कित्येक जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते, आणि तो डाग कायद्याने पुसला गेला १९५२ साली. बोलीवरून माणूस ओळखण्याचा प्रकार तर आणखी वाईट. २०२५ च्या जून महिन्यात मुंबईकडे राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सरहद्दीपार ढकलण्यात आले. मागाहून ते आपलेच नागरिक ठरले आणि त्यांना परत आणावे लागले. उद्या कर्नाटकात किंवा तेलंगणात आपल्या मुखेडच्या माणसाची बोली कोणी अशीच तपासली तर?

मग करावयाचे काय? आमचे मत थोडक्यात सांगतो. सरहद्दीचे काम सरकारने कायद्याने व चौकशीने करावे. गावगुंडांनी ते हाती घेऊ नये. तपासणी मजुराच्या खोलीपासून नव्हे, मालकाच्या हजेरीपटापासून सुरू व्हावी. मजूर कोठलाही असो, त्याच कामाला तीच मजुरी, आणि ती किमान मजुरीहून कमी नाही, हे कसोशीने अमलात आणले की स्वस्त व भित्रा मजूर शोधण्याचा मोहच नाहीसा होईल. ज्या दिवशी बिनकागदी मजूर मालकाला स्वस्त पडणार नाही, त्या दिवशी त्याला चोरवाटेने आणणारा दलालही धंदा बदलील.

आणि आमच्या घरांनी काय करावे? टोळीबरोबर निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत सर्वांची नावे नोंदवून घ्यावी. उचलीचा आकडा अंगठा उठविण्यापूर्वी शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा व त्याची नक्कल घरी ठेवावी. बाईचे नाव वेगळे लिहून घ्यावे. शिधापत्रिका आता परराज्यातही चालते, ती बरोबर न्यावी. संघटना सोडू नये: २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती कोणाला हाकलून नव्हे, कोयता बंद ठेवण्याच्या इशाऱ्याने. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा त्या गिरण्यांत कोकणचा, घाटावरचा, नाना जातींचा मजूर होता. रविवारची सुटी १८९० साली मिळाली ती सर्वांना मिळाली.

परक्याच्या ताटातला घास मोजण्यात आपला दिवस घालविणे परवडणारे नाही. वही मागा, हजेरीपट मागा, मजुरीची पावती मागा. आपल्या मजुरीतले काय गेले आणि कोठे गेले, ते तेथे लिहिलेले असते. आणि तेथे लिहिलेले नसेल, तर चोर कोण हे त्यावरूनच कळते.