टाकाऊतील अहिंसा



पाच समितींतील उत्सर्ग समिती सांगते की, त्याज्य वस्तू टाकतानाही कोणत्याही जीवास पीडा होणार नाही अशी जागा पाहावी. मुंबईचा कचरा १९२७पासून देवनारला साचत आला आहे. जानेवारी २०१६मध्ये तेथे भीषण आग लागली. शेजारची गोवंडी धुराने कोंडली, परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलुंडची कचराभूमी २०१८मध्ये बंद झाली. आपल्याकडील दुर्गंध ओसरला, गोवंडीतील बालकांची सुटका मात्र झाली नाही.

तेथील कुटुंबांच्या औषधोपचारास व मुलांच्या आरोग्य तपासणीस आपल्या संघांनी अवश्य हातभार लावावा. त्याबरोबरच आपल्या घरातून जाणारे विषही थांबवावे. मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, पाऱ्याचे तापमापक, कीटकनाशकांचे डबे वेगळे ठेवावेत, असे २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. हे सारे रोजच्या कचऱ्यात मिसळले, की तो उघड्या हातांनी वेचणाऱ्या माउलीला आणि तिच्या लेकराला त्याची बाधा होते. सोसायटीच्या येत्या सभेत अशा वस्तूंसाठी स्वतंत्र डब्याचा ठराव मांडावा आणि तो डबा महापालिकेच्या संकलन व्यवस्थेकडेच सोपवावा, ही नम्र विनंती.