अंतिम वर्ष कोणाचे?

वैद्यकीय शिक्षणाचे अखेरचे वर्ष विद्यार्थ्याने रुग्णाच्या खाटेजवळ घालवावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते पुढच्या जागेच्या शोधात खर्ची पडते. असे अनेक देशांत घडते. पण त्या शोधात शिक्षण कितपत टिकते, हे निवडीच्या पद्धतीवर अवलंबून असते. हा प्रश्न औषधशास्त्राचा नसून प्रोत्साहनांचा आहे. म्हणूनच अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने त्याविषयी लिहिण्याचे धाडस केले आहे.

अमेरिकेतील एका विशेष प्रकारच्या उमेदवाराचे उदाहरण घेऊ. तेथे मेडिसिन व बालरोग या दोन शाखांचे संयुक्त निवासी प्रशिक्षण १९६७ पासून मान्य आहे. स्वतंत्रपणे प्रत्येकी तीन वर्षे घेणारे हे प्रशिक्षण एकत्रितपणे चार वर्षांत पुरे होते. त्याची गरजही खरी आहे. हृदयात दोष घेऊन जन्मणारी मुले पूर्वी फारशी जगत नसत; आज ती प्रौढ होतात, आणि बालपण व प्रौढपण या दोन्हींची वैद्यकीय भाषा जाणणारा डॉक्टर त्यांना हवा असतो.

अशा जागा थोड्या असल्यामुळे उमेदवाराला अंतिम वर्षाची आखणी दुहेरी करावी लागते. सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज रुग्णालयांपुढे जातात. त्यापूर्वी दोन्ही विभागांत काम करून दोन्हींकडील वरिष्ठांची शिफारसपत्रे मिळवावयाची असतात. त्यासाठी वॉर्डात जवळजवळ निवासी डॉक्टरच्याच जबाबदारीने राबावे लागते. मग हिवाळाभर मुलाखती, त्यानंतर पसंतीक्रम, आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल. हे वेळापत्रक आधीपासून ठाऊक असते, म्हणूनच आखणी या शब्दाला तेथे अर्थ आहे.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९४० च्या दशकात चांगले विद्यार्थी पटकावण्यासाठी रुग्णालये पदवीच्या दोन दोन वर्षे आधीच जागा देऊ करीत. १९४५ मध्ये महाविद्यालयांनी माहिती लवकर न देण्याचे ठरविले, तेव्हा घाई दुसऱ्या टोकाला गेली. देऊ केलेल्या जागेवर विचार करण्यास प्रथम दहा दिवस मिळत. १९४९ पर्यंत बारा तासांची मुदतसुद्धा रुग्णालयांना जास्त वाटू लागली. अखेर १९५२ मध्ये सर्वांचे पसंतीक्रम एकत्र करून जागा वाटणारी मध्यवर्ती व्यवस्था आली. दहा वर्षांनी गेल आणि शॅप्ली यांनी अशाच वाटपाचे गणित मांडले. त्या वाटपाचे स्थैर्य अभ्यासणाऱ्या अल्विन रॉथ यांच्या साहाय्याने १९९८ मध्ये ही पद्धत उमेदवारांच्या बाजूने सुधारण्यात आली. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉथ व शॅप्ली यांना मिळाले.

या पद्धतीचा मुख्य गुण असा, की तेथे खरे बोलणे तोट्याचे ठरत नाही. संयुक्त प्रशिक्षणाची आवड असलेला विद्यार्थी त्या जागा यादीत वर लिहितो आणि त्याखाली निव्वळ मेडिसिनच्या वा बालरोगाच्या जागा लिहितो. वरची जागा न मिळाल्यास खालच्या जागेवरील त्याचा दावा दुबळा होत नाही.

अर्थात तेथेही सर्व आलबेल नाही. शेजारी चाळीस अर्ज करतो म्हणून आपण पन्नास करावयाचे, ही स्पर्धा प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाची व सर्वांच्या दृष्टीने मूर्खपणाची असते. अर्ज वाढतात तसे शुल्कही वाढते. शिवाय नामांकित प्राध्यापकाच्या हाताखाली राहिलेल्याचे शिफारसपत्र इतरांच्या पत्रापेक्षा जड ठरते. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. तेथील विद्यार्थी स्वार्थासाठी का होईना, वॉर्डात उभा राहतो.

आता आपल्याकडे पाहू. एम.बी.बी.एस.नंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते. पदव्युत्तर जागा मात्र नीट-पीजीच्या दोनशे बहुपर्यायी प्रश्नांवर ठरतात. इंटर्नने रात्री किती प्रसूती पाहिल्या, किती मुलांना सलाईन लावले, याची दखल त्या गुणांत कोठेच नाही. माझ्या शेजारची मुलगी इंटर्न असताना म्हणाली, "काका, वॉर्डात शिकलेलं कोणी विचारत नाही. विचारतात ते चार पर्यायांतलं." या वाक्यात आळस नसून हिशेब आहे. ज्या कामाला गुण नाहीत, त्यातून वेळ काढून ज्याला गुण आहेत तेथे लावणे, हे आम्ही वर्गात शिकवितो तेच विवेकी वर्तन होय. त्याची किंमत मात्र सरकारी रुग्णालयातील ओळीत उभा असलेला रुग्ण मोजतो.

त्यात भर अनिश्चिततेची. २३ जून २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलून ११ ऑगस्टला घेण्यात आली. २०२५ ची परीक्षाही १५ जूनवरून ३ ऑगस्टला गेली. कारणे काहीही असोत, तारीखच हलती असेल तर विद्यार्थी वर्षाची आखणी कशाच्या आधारे करणार? इतक्या चुरशीनंतरही २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची पातळी शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, हा या व्यवस्थेवरील कठोर अभिप्राय आहे.

अमेरिकेची पत्रपद्धती जशीच्या तशी आणावी, असे कोणी सुचवू नये. वशिल्याच्या देशात शिफारसपत्र हे गुणवत्तेचे प्रमाण न राहता ओळखीची पावती होईल. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने अंतिम वर्षाची सामायिक परीक्षा हाच पदव्युत्तर प्रवेशाचा आधार मानला होता. जुलै २०२३ मध्ये ती परीक्षा लांबणीवर पडली. त्या परीक्षेमुळे इंटर्नशिप मोकळी होईल हे खरे, पण शिकवणी वर्ग एक वर्ष अलीकडे सरकतील, हेही तितकेच खरे.

म्हणून दोन साध्या गोष्टी आधी व्हाव्यात. परीक्षेची तारीख वर्षभर आधी जाहीर व्हावी आणि ती पाळली जावी. तसेच, बाहेरच्या परीक्षकांनी रुग्णासमोर घेतलेल्या कौशल्य-चाचणीला प्रवेशाच्या गुणांत थोडा तरी वाटा मिळावा. हा वाटा दहा टक्के असला तरी विद्यार्थी पुन्हा खाटेजवळ येईल. तरुणांना सेवेचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु उपदेश एकीकडे आणि गुणपत्रिका दुसरीकडे बोट दाखवू लागली, तर ते गुणपत्रिकेच्या दिशेनेच जाणार. दोष त्यांचा नव्हे. ती दिशा आपणच ठरविली आहे.