पिठाचा कोंबडा आणि मोबाईलमधली बंदूक



मुलांना बीजीएमआय खेळू द्यावा का? अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांतून हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. अकोल्याच्या माझ्या लेकीनेही तोच विचारला. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. जुना पबजीच हा. सरकारने तो सप्टेंबर 2020 मध्ये बंद केला. 2021 मध्ये तो नव्या नावाने आला, 2022 मध्ये थांबला आणि 2023 मध्ये परतला. ‘सरकारने सोडलाय, म्हणजे ठीकच असेल’ असे काही जणी म्हणतात. पण 2020 ची बंदी देशाच्या सुरक्षेसाठी होती, मुलांच्या मनासाठी नव्हे. तो विचार आपल्यालाच करायचा आहे.

मुलं म्हणतात, ‘आजी, खरं कुणी मरत नाही.’ त्यांना यशोधर राजाची कथा सांगा. आईच्या आग्रहाने त्याने पिठाचा कोंबडा बळी दिला. जीव गेला नाही, पण मारण्याचा भाव होता, म्हणून मायलेकांना तिर्यंच गतीत भटकावे लागले. चूल-केरवाऱ्यातली आरंभी हिंसा गृहस्थाला टळत नाही. संकल्पी हिंसा मात्र श्रावकाने सोडायचीच असते आणि या खेळात सारा आनंद त्या संकल्पाचाच आहे.

मग जिंकण्याची हौस वाईट का? मुळीच नाही. भरत-बाहुबलीही लढले, पण सैन्य बाजूला ठेवून: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. स्पर्धा असावी, तिच्यात मारणे नसावे.

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबही मांडते. अठरा वर्षांखालच्यांना या खेळात दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. आपल्याला ती दिलासा वाटते. पण आठवड्याचे एकवीस तास होतात, आणि पाठशाळेला आपण देतो एक तास! शिवाय खेळातले कपडे, बंदुकांचे रंग खऱ्या पैशांनी विकत मिळतात.

लेकीची एक काळजी खरी आहे. वर्गातले सगळे खेळतात, मग हा एकटा पडेल. म्हणून नुसते ‘नाही’ म्हणून भागणार नाही. मित्रांना घरी बोलवा, कॅरम-बुद्धिबळ मांडा. अमरावतीत तर 1914 पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथे कुस्ती-मल्लखांबात अंगातली रग छान जिरते.

माझे मत स्पष्ट आहे. सोळाच्या आत हा खेळ नको. मोबाईल हिसकावू नका. एकदा शेजारी बसून खेळ पाहा, मग कारण सांगून नाही म्हणा. त्याहून मोठ्या मुलाला कोंबड्याची कथा सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. कारण त्या वयात धाकाने सोडलेली गोष्ट लपून सुरू होते, आणि समजून सोडलेली सुटते.