चालू गाडी विकताना

शहापूर-मुरबाडच्या गावांत गोठ्याशेजारच्या पडवीत अजून एखादी फियाट उभी दिसते. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी तेव्हापासून अनेकांना नव्याने हवीशी वाटू लागली आहे. घरच्यांना ती विकायची असेल तर जरूर विकावी. मात्र ‘चालू कंडिशन, रिस्टोरेशनसाठी देणे’ एवढ्या एका ओळीवर सौदा करू नये.

इंजिन चालू असणे ही अशा गाडीतली त्यातल्या त्यात सोपी बाब. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे साधे यंत्र ते. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर साफ करून नवी बॅटरी जोडली की ते पुष्कळदा सुरू होते. खरा खर्च पत्र्याचा. जीपसारखी वेगळी चासी या गाडीला नाही. तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि खांब हाच तिचा सांगाडा. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि पडवीतली ओल तो आतून खाते. वरून लांबी भरून रंग मारला की काही कळत नाही, आणि घेणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते ती इथेच. म्हसा यात्रेच्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही, आणि विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. गाडीच्या मालकानेही मॅट उचलून, गाडी जॅकवर चढवून तळ आपणहून दाखवावा. भाव उतरला तरी चालेल.

दुसरी गोष्ट ‘व्हिंटेज’ म्हणण्याची. केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. १९९०च्या आसपासची पद्मिनी व्हिंटेज म्हणून विकणे ही फसवणूक आहे. जी गाडी खरोखर ५० वर्षांची आहे तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला, तर हा दर्जाच धोक्यात येतो. दर्जा मिळाला तरी रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. कोणी त्या गाडीने रोज कल्याण गाठायचे ठरवत असेल, तर त्याला हे पैसे घेण्याआधी सांगायला हवे.

कागदांबाबत आपल्याकडे फार ढिलाई आहे. कोऱ्या टीटीओ (मालकी हस्तांतराच्या) फॉर्मवर सह्या करून गाडी दिली जाते आणि मालकी वर्षानुवर्षे जुन्याच नावावर राहते. पुढे अपघात झाला की भरपाईचा दावा त्याच नावावर येतो. गाडी आजोबांच्या नावावर असून ते वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर नोंद करून घ्यावी. विक्रीनंतर १४ दिवसांत आरटीओला कळवणे विकणाऱ्याचे काम आहे. एजंटाच्या भरवशावर ते सोडू नये.

आणि माळ्यावर पडलेला जुना डायनॅमो, काढून ठेवलेला मूळ कार्बोरेटर, चाकांच्या टोप्या भंगारवाल्याला घालू नयेत. नव्या मालकाला ते बाजारात शोधून सहज मिळायचे नाहीत, गाडीबरोबरच द्यावेत.