छपरावरचा अँटेना आणि साहेबाचा कायदा

१९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचे केंद्र झाले आणि हळूहळू पुण्यातल्या गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे पीक आले. वारा सुटला की घरातले कोणीतरी वर चढायचे, अँटेना सिंहगडाकडे वळवायचे आणि खाली ओरडायचे, "आलं का?" खालून उत्तर यायचे, "मुंग्या आहेत अजून!" त्या पिढीला पुस्तक न वाचता एक गोष्ट कळली होती. चित्र कसे दिसणार हे टीव्हीच्या किमतीपेक्षा गच्चीवरच्या काडीवर ठरते.

इंग्लंडात आल्यावर, इंजिनियर असूनही, मी हे साफ विसरलो.

आई-बाबा पहिल्यांदाच मुंबईहून येत होते. बाहेर धुके होते आणि विमानतळावर निघायला थोडा वेळ होता. माझ्याकडे हौसेने घेतलेला स्कॅनर होता. स्कॅनर म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी आपणहून तपासत जाणारा आणि कोणी बोलत असेल तिथे थांबणारा रेडिओ. तो खिडकीत ठेवून कान लावला. हीथ्रोवर जागा नसली की विमाने चार ठिकाणी घिरट्या घालत थांबवतात: बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन हिल. वैमानिकाच्या तोंडून "लॅम्बोर्न" स्पष्ट ऐकू आले. किती वेळ थांबावे लागेल हेही त्याने विचारले. उत्तराच्या जागी नुसती खरखर! आई-बाबा ढगात गोल फिरताहेत, वीस मिनिटे की दोन तास, काही कळायला मार्ग नाही.

कारण अगदी साधे आहे. विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात आणि या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. उंचावरचे विमान दोनशे मैलांवरूनही 'दिसते', पण जमिनीवरचा कंट्रोलर तीस मैलांवर असला तरी टेकडीआड आणि घरांआड जातो. म्हणजे घरात बसून अर्धेच संभाषण मिळते.

मग बहुतेक लोक करतात तेच मी करायला निघालो होतो, म्हणजे आणखी महागडा स्कॅनर घ्यायचा. कृपा करून तसे करू नका. पैसे (तेही थोडेच) छपरावर घाला. १२५ मेगाहर्ट्झची लहर २.४ मीटर लांब, तिचा चतुर्थांश ६० सेंटिमीटर. तेवढी एक उभी सळई आणि तिच्या बुडाशी खाली झुकलेल्या तशाच चार सळया, झाला अँटेना! तो उभाच हवा, कारण विमानाचे प्रक्षेपण उभ्या ध्रुवीकरणाचे असते. टीव्हीचा बहुधा आडवा असतो, म्हणून जुना टीव्ही अँटेना इथे फारसा कामाचा नाही. सगळेच पट्टे ऐकायचे असतील तर डिस्कोन घ्या, पण तो आवाज वाढवत नाही, फक्त सगळीकडे सारखा चालतो.

खरी चोरी होते ती केबलमध्ये. साधी बारीक आरजी-५८ वीस मीटर वापरली तर या पट्ट्यात सुमारे ३ डेसिबल जातात, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच संपली. १००० मेगाहर्ट्झच्या आसपास तर सोळावा हिस्साही हाती लागत नाही. त्यापेक्षा डिश टीव्हीची जाड फोमवाली केबल स्वस्त आणि बरी. ती ७५ ओहमची असते, पण ऐकण्यापुरता तो फरक नगण्य. अ‍ॅम्प्लिफायर मात्र सगळ्यात शेवटी, कारण तो खरखरही तितक्याच निष्ठेने वाढवतो. छपराचा आणखी एक फायदा म्हणजे चार्जर, एलईडी दिवे, राउटर यांचा घरातला गोंगाट खालीच राहतो. अर्थात घर भाड्याचे असेल तर आधी मालकाला विचारा, आणि वीज कडाडत असताना केबल काढून ठेवा.

पुढच्या खेपेला आई-बाबा आले तेव्हा प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकू आले. उत्तर पुसटसे होते, पण होते. बाबांनी छपराकडे पाहून विचारले, "इथे सिंहगड कुठल्या दिशेला रे?"

इथवर सगळे छान. पण कायद्याने पाहिले तर मी गुन्हा केला. २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टच्या ४८ व्या कलमाप्रमाणे, आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणे आणि त्यातला मजकूर दुसऱ्याला सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत. स्कॅनर विकत घ्या, बाळगा, काही हरकत नाही. रेडिओ केंद्रे, हॅम, सीबी, हवामान ऐका. विमाने नाही! प्रत्यक्षात विमानतळांच्या कुंपणाशी हौशी लोक स्कॅनर घेऊन उघड उभे असतात आणि सहसा कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे लाइव्हएटीसी या संकेतस्थळावर न्यूयॉर्कचे कंट्रोलर पुण्यात बसून ऐकता येतात, हीथ्रोचे नाही. आणि फ्लाइटरडार२४ वर तेच विमान नकाशावर साऱ्या जगाला दिसते, तेही हौशी लोकांच्या छपरांवरच्या अँटेनांच्या जोरावर!

कायदा अगदीच निरर्थक आहे असेही नाही. १९८९ च्या ३१ डिसेंबरला राजकुमारी डायाना मोबाइलवर असलेल्या मित्राशी बोलली. तेव्हाचे मोबाइल अ‍ॅनालॉग, कुलूप नसलेले. ते बोलणे स्कॅनरवाल्या हौशी लोकांच्या टेपवर आले आणि १९९२ साली वर्तमानपत्रात छापून आले. ती टेप नक्की कशी तयार झाली यावर वाद आहेत, पण एका बाईचे खाजगी दुःख चव्हाट्यावर आले हे खरे. अँटेना उंच केला की आभाळ जवळ येते तसा शेजारीही जवळ येतो.

पण मग उपाय कुठे शोधायचा? कान बांधून, की बोलण्याला कुलूप घालून? पोलिसांनी दुसरी वाट धरली. २००५ पर्यंत इथली सगळी पोलीस दले एअरवेव्ह या सांकेतिक डिजिटल यंत्रणेवर गेली आणि स्कॅनरवाल्यांचा प्रश्न मिटला. मोबाइलही केव्हाच डिजिटल झाले. विमानांचे बोलणे मात्र मुद्दाम उघडे ठेवले आहे, कारण एका वैमानिकाचे दुसऱ्याने ऐकणे यातच सुरक्षितता आहे. जे शेकडो वैमानिक ऐकतात, ते एखाद्या मुलाने आई-बाबांच्या काळजीने ऐकले तर काय बिघडले?

माझे मत असे की विमानांचा पट्टा ऐकण्यापुरता कायद्याने मोकळा करावा आणि खाजगी बोलणे फोडणाऱ्याला मात्र खुशाल शिक्षा करावी. जो कायदा कुंपणाशी उभा असलेला प्रत्येक जण मोडतो आणि ज्याची अंमलबजावणी कोणालाच करायची नाही, तो हळूहळू बाकीच्या कायद्यांचीही किंमत घालवतो. हे आपल्याला साहेबाकडून शिकायची गरज नाही. लेन तोडण्याच्या बाबतीत आपण ते केव्हाच शिकलो आहोत.